मागच्या भिंतीजवळचं गवत

६ मार्च

मामा,

आधी चष्मा शोध, मग वाच. अक्षर मोठं काढलंय, तरी पुन्हा तक्रार करशीलच.

आम्ही नव्या घरात आलो. नवं म्हणजे आम्हाला नवं. घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ इथे वीस वर्षं राहत होते, ते आता लेकाकडे गेले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगण. अंगण बघूनच मी हो म्हटलं. तीस पावलं लांब, पंचवीस रुंद, तिन्ही बाजूंनी भिंत. सध्या तिथे हरळी, दगड आणि काटेरी झुडपं यांचं राज्य आहे. मागच्या भिंतीजवळ तर झुडपांचं इतकं दाट बेट आहे की मांजरसुद्धा आत शिरत नाही.

आमच्या साहेबांना तिथे हिरवंगार लॉन हवंय. विमा कचेरीत आता ते विभागाचे मुख्य झालेत ना! एप्रिलच्या शेवटच्या रविवारी अख्खी कचेरी जेवायला बोलावलीय, आणि बसायचं गवतावरच. खारूला झोपाळा हवाय. पाच वर्षांची झाली, पण एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. नाव खारू ठेवलं ते काही उगाच नाही.

रोपवाटिकेतल्या माणसाने तीन प्रकार दाखवले. एक बारीक पातीचं, मखमलीसारखं. एक रुंद पातीचं, सावलीत तग धरणारं. तिसरं म्हणजे तयार गवताच्या लाद्या, आज अंथरल्या की उद्या अंगण हिरवं. दुपारनंतर मागच्या अर्ध्या भागात भिंतीची सावली येते. कुठलं घेऊ? तीस वर्षं तू खेळाचं मैदान राखलंस. गवताच्या बाबतीत घरात तुझ्या शब्दापुढे जाणार कोण?

तुझी,
ठकी


१३ मार्च

ठके,

चष्मा नाकावरच होता. अक्षर अजून मोठं काढ.

गवत निवडायला निघालीस आणि जमिनीला विचारलंच नाहीस! सोयरीक जुळवताना नुसता फोटो बघून चालतं का? घरची माणसं कशी आहेत ते आधी बघतात. तसं जमिनीचं.

एक काम कर. अंगणात तीन ठिकाणी, पुढे, मध्ये आणि मागे, बादलीएवढा खड्डा खण. प्रत्येकात बादलीभर पाणी ओत आणि घड्याळ लावून बस. पाणी जिरायला किती वेळ लागतो ते लिही. अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत लागला तर जमीन चांगली. दिवसभर साचून राहिलं तर खाली चिकणमाती. मग गवत बदलू.

आता तुझे तीन उमेदवार. मखमली गवताला दिवसभर ऊन लागतं, सावलीत ते रुसतं. रुंद पातीचं सोशिक, पण चालताना पायाला जरा भरड लागतं. लाद्या नकोत. त्यांची मुळं दोन बोटं खोल. गालिच्यासारख्या अंथरतात आणि गालिच्यासारख्याच उचलल्या जातात. सगळ्यात चांगली ती तुझी हरळी. लोक तिला तण म्हणून उपटतात, पण तिची मुळं हातभर खाली जाऊन माती धरून ठेवतात. माझं अख्खं मैदान तिच्यावर उभं होतं.

गुडघे कुरकुरतात, कान तर कधीच गेले. गवत कापायच्या मशीनने नेले ते. फोन करू नकोस म्हणून मुद्दाम सांगत नाही, केलास तरी मला ऐकू येणार नाही. शेजारचा औषधवाला निरोप घेतो, पण त्याला गवत आणि गवती चहा यांतला फरक कळत नाही.

खारूला पापा.

मामा


२२ मार्च

मामा,

तुझी परीक्षा दिली. निकाल कळवते.

पुढचा खड्डा, एक तास दहा मिनिटं. मधला, पन्नास मिनिटं. मागे खणायला आधी ती काटेरी झुडपं काढावी लागली, माणूस लावून. मजा म्हणजे झुडपं गोल लावली होती, कुणी परकार फिरवावा तशी. मधे मऊ, मोकळी माती. खड्डा खणायला एवढासाही जोर लागला नाही. बादली ओतली आणि वळून घड्याळाकडे बघते तो खड्डा कोरडा! दुसरी ओतली, तीही गेली. खारूला खेळच सापडला, "अजून, आई, अजून!" अकरा बादल्या ओतल्या मामा. अकराही गडप.

साहेब खूश. म्हणतात, याला म्हणतात पाण्याचा निचरा! पाऊस पडला तरी चिखल नाही, जेवणाची टेबलं तिथेच मांडू, नंतर झोपाळाही तिथेच. भिंतीची सावली आहेच.

हरळीचं नाव काढलं तर हसले. कचेरीतल्या लोकांना तणावर बसवू का, म्हणाले. महिनाच राहिलाय, त्यामुळे लाद्यांकडे कल आहे. तू रागावू नकोस.

ठकी


२७ मार्च

ठके,

मागे काही लावू नका. लाद्या नकोत, टेबल नको, झोपाळा तर मुळीच नको. खारूला पुढच्या भागात खेळू दे. मागे जाऊ देऊ नकोस.

घड्याळवाल्यांना विचारून घे, त्या जागी पूर्वी काय होतं.

कारण विचारू नकोस. म्हाताऱ्याचा हट्ट समज आणि ऐक.

मामा


१७ एप्रिल

मामा,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही, कारण मला तुझा राग आला होता. हे करू नका, ते करू नका, आणि कारण विचारू नका! मी काय खारूएवढी आहे? साहेबांना पत्र दाखवलं तर म्हणाले, मामांना हरळी नाकारल्याचं लागलेलं दिसतंय. मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू.

लाद्या दोन तारखेला अंथरल्या. आठ दिवस अंगण असं दिसत होतं की येणारीजाणारी दारातून डोकावून जात. झोपाळा मात्र मी पुढेच लावला. तुझं तेवढं ऐकलं.

आता ऐक. मागच्या भिंतीजवळचं गवत पिवळं पडलंय. सगळं नाही. एक गोल. पाच पावलं रुंद. बाकीच्या गवताएवढंच पाणी देते, जास्तच देते, तरी माती कोरडी ठणठणीत. आणि त्या गोलाच्या कडेला, भिंतीच्या बाजूने, लाद्यांमध्ये फट पडलीय. नखाएवढी होती, परवा त्यात माझं बोट गेलं. साहेब म्हणतात, उन्हाने लाद्या आकसल्या. मग बाकीच्या का नाही आकसल्या?

शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. काल भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "अगोबाई, तिथली झुडपं काढलीत? घड्याळवाले तिथे कधी खुर्चीसुद्धा टाकत नसत." का, ते त्यांनाही माहीत नाही. त्या इथे यायच्या आधीपासून तसंच आहे म्हणे. घड्याळवाल्यांना मी फोन केला. "मागच्या भिंतीजवळ काय होतं हो?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, "घर तुमचं आहे आता," आणि फोन ठेवून दिला.

परवा खारू तिथे उड्या मारत होती. मी हाक मारली तर म्हणते, "आई, इथली जमीन रिकाम्या डब्यासारखी वाजते." मी जाऊन पाय आपटला. वाजते मामा.

मी तिथे कपडे वाळत घालणं सोडलंय. का, ते मला नीट सांगता येणार नाही. भांडी घासताना खिडकीतून तो पिवळा गोल दिसतो, आणि माझा हात थांबतो.

खत कमी पडत असेल का? की तिथल्या लाद्या काढून सावलीतलं रुंद पातीचं लावू? सव्वीसला सगळे येणार. टेबलं तिथेच मांडायची ठरलीत. लवकर लिही, आणि या वेळी कारणासकट लिही.

ठकी


२१ एप्रिल

ठके,

तुझं पत्र आत्ता आलं. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे तुमच्या गावाला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. औषधवाल्याला तुमच्या घरी फोनही करायला लावला. तो खुणेने सांगतो, निरोप दिला, पुरुषमाणसाने घेतला. तुझ्यापर्यंत पोचला की नाही कोण जाणे.

ते खत कमी पडल्यामुळे नाही. तुमच्या अंगणात बुजवलेली विहीर आहे. कचरा, राडारोडा, लाकडं टाकून कुणीतरी बुजवली आणि वर माती लोटली. खालचं कुजलं, बसलं, आणि आता वर नुसतं झाकण उरलंय. अकरा बादल्या गेल्या कुठे, याचा विचार कर. फट पडली म्हणजे झाकण सुटायला लागलंय.

खारूला घरात कोंडून ठेव. रडू दे. तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. तूसुद्धा नाही.

कारण हवं होतंस ना. मी मार्चमध्येच सांगायला हवं होतं. हात धजला नाही.

मैदानावरच्या माझ्या जोडीदाराला तू लहानपणी पाहिलंयस, तुला खांद्यावर बसवून मैदानभर फिरवायचा तो. त्याचा पाय अपघातात गेला एवढंच घरात सगळ्यांना माहीत आहे. अकरा वर्षं झाली. मैदानाच्या कोपऱ्यात असाच एक गोल उमटला होता. खाटेएवढा. मी काठी खुपसून पाहिली, ती हातभर आत गेली, अडलीच नाही. सहा दिवसांवर सामना होता. वर सांगितलं असतं तर मैदान बंद झालं असतं आणि बोल माझ्यावर आला असता. मी काठी काढली, भोक बुजवलं आणि वर तयार लाद्या अंथरल्या. हिरव्यागार. बघणाऱ्यांनी वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी रोलर घेऊन तो त्या कोपऱ्यात गेला. मी दुसऱ्या टोकाला मशीनवर होतो, त्याच्याकडे पाठ करून. तेव्हाच ऐकू कमी येत होतं. तो किती वेळ ओरडत होता मला माहीत नाही. मी मशीन वळवलं तेव्हा मला मैदानावर माणूसही दिसला नाही, रोलरही दिसला नाही.

जुना नाला फुटला असं चौकशीत ठरलं. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आजवर कुणालाच नाही. आता तुला सांगतोय, ते तू ऐकावंस म्हणून.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. माझ्याबद्दल त्याला काय वाटायचं ते वाटो.

मामा


३० एप्रिल

मामा,

आम्ही तिघं जिवंत आहोत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

ड्रायव्हरने पत्र शनिवारी दुपारी आणून दिलं. बस तीन दिवस बंद पडली होती म्हणे. मी दारातच वाचलं, आणि तशीच मागे गेले. साहेब बाजारात गेले होते. टेबलं आदल्या दिवशीच आली होती, दोन टेबलं त्या गोलावर मांडून झाली होती, वर पांढरी कापडं. खारू टेबलाखाली घर-घर खेळत होती.

मामा, मी ओरडले नाही. ओरडले असते तर ती उड्या मारत पळाली असती. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "खारू, हळूच ये, मांजर झोपलंय, उठेल." ती चवड्यांवर, हसत हसत, तोंडावर बोट ठेवून आली. तिला आत ढकलून मी कडी लावली.

साहेब आले. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. "तुझ्या मामांना गवतात भुतं दिसतात," म्हणाले. मग म्हणाले, "चार दिवसांपूर्वी कुणा औषधवाल्याचाही फोन आला होता. उगाच तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही." मी भांडले, हातापाया पडले. टेबलं पुढे घेऊ, नाहीतर घरात बसू म्हटलं. तर म्हणाले, "उद्या वीस माणसं येणार. त्यांना काय सांगू, बायको गवताला घाबरते?" आणि अंघोळीला गेले.

मग मी जे केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी नळाला पाइप लावला आणि लांबून, पायरीवरूनच, पाणी सोडलं. लॉनवर चिखल झाला की उद्या कुणाला तिथे बसता येणार नाही, एवढाच माझा विचार. पुढचं अंगण भिजलं, मधलं भिजलं. मागे मात्र पाणी साचेचना. मी सोडतच राहिले. अर्धा तास.

साहेब टॉवेल खांद्यावर घेऊन बाहेर आले, बघितलं आणि भडकले. "वेड लागलंय का तुला?" टेबलावरची कापडं भिजतायत म्हणून तरातरा तिकडे गेले. मी "थांबा, थांबा" म्हणत राहिले. त्यांनी टेबल ओढलं.

आवाज मोठा झाला नाही. भिजलेली पिशवी फाटावी तसा झाला. टेबल गेलं. मग ते. छातीपर्यंत दिसत होते, दोन्ही कोपरं गवतावर. ते लाद्या धरत होते आणि लाद्या हातात येत होत्या, एकेक करून, गालिच्यासारख्या. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले नाहीत. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "ठके, पाय लागत नाहीयेत."

ह्यांनी मला ठकी कधी म्हटलं नव्हतं. ते नाव माहेरचं.

काकूंनी भिंतीवरून पाहिलं आणि त्यांची शिडी अलीकडे टाकली. मी ती आडवी सरकवली, पोटावर पडून. ह्यांनी आधी एक हात टाकला, मग दुसरा. मी शिडीच्या अलीकडच्या टोकावर बसले, काकू भिंत उतरून माझ्या मांडीवर बसल्या. आत खारू दार बडवत होती. किती वेळ लागला ठाऊक नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुठीत गवत तसंच होतं. बोटं उघडेनात, मी एकेक उघडली.

दुसरं टेबल त्यानंतर गेलं. पडल्याचा आवाज यायला वेळ लागला.

अग्निशमनची माणसं आली, दोरीला वजन बांधून सोडलं. बेचाळीस फूट. तळाशी पाणी.

हे तेव्हापासून रात्री दिवा मालवू देत नाहीत. काल घड्याळवाल्यांना फोन केला आणि काही न बोलता नुसते कानाशी धरून बसले. पलीकडूनही कुणी बोललं नाही म्हणे.

मामा, पाणी मी सोडलं. नसतं सोडलं तर कदाचित झाकण टिकलं असतं. किंवा रविवारी वीस माणसांसकट गेलं असतं. मला रोज दोन्ही दिसतं, आळीपाळीने. ह्यांना सांगू का? तू अकरा वर्षं कसा राहिलास रे?

ठकी


१५ मे

ठके,

कसा राहिलो ते विचारू नकोस. राहू नये, एवढं सांगतो. नवऱ्याला सांग. आजच सांग, चांगला मुहूर्त शोधत बसू नकोस. तो चिडेल. चिडू दे. तो समोर चिडलेला बरा, तू आतल्या आत कुढत बसण्यापेक्षा.

आता विहिरीचं. पुन्हा कचऱ्याने बुजवू देऊ नकोस. आधी मोठे दगड, मग खडी, मग मुरूम, प्रत्येक थर ठोकून. वर पाटी लाव, इथे विहीर होती म्हणून. उद्या तुम्ही घर विकाल, पुढच्याला कळायला हवं. दोन पावसाळे तिथे काही लावायचं नाही. माती बसली की भर घालायची, पुन्हा बसली की पुन्हा घालायची. त्यानंतर गवताचं बघू. कुठलं, ते मी आत्ता सांगणार नाही. जमीन काय म्हणते ते तेव्हा ऐकू.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी जोडीदाराकडे गेलो. अकरा वर्षं दर महिन्याला जातो, त्यात नवं काही नाही. आम्ही पाटीवर बोलतो. तो पाटीवर लिहितो, मी तोंडाने उत्तर देतो. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. गोल, काठी, लाद्या. त्याची बायको भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

त्याने पाटी घेतली. मग लिहिलं, "रोलर रोज तू ओढायचास."

तुला लिहिलेल्या पत्रात मी हे गाळलं होतं. मशीनने माझे कान बिघडायला लागले तेव्हापासून रोलर माझा, मशीन त्याचं, वीस वर्षांची वाटणी. त्या दिवशी सकाळी मीच त्याला म्हणालो होतो, "आज पाठ धरलीय, तू रोलर घे." पाठ धरली नव्हती. त्या कोपऱ्यात जायला मला भीती वाटत होती.

मी त्याला म्हटलं, "हो."

त्याने पाटी पुसली आणि उलटी ठेवली. त्याची बायको उठली, दार उघडून उभी राहिली. मी निघालो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दार बंद. पायरीवर तासभर बसलो आणि परत आलो. तिसऱ्या दिवशी तेच. औषधवाला खुणेने सांगतो, आता कशाला जाता, झालं ते झालं. त्याला काय सांगू.

आज नववा दिवस. दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आतून कुणी हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही, म्हणून मी उंबऱ्याच्या अलीकडेच बसून राहिलो. उद्याही जाणार आहे. भीती वाटते, पण जाणार आहे.

मामा